लग्नाची साखर

मोठा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. भूमजवळच्या आमच्या गावात सोसायटीचं रेशन दुकान आमचे हे चालवायचे. साखर तेव्हा कंट्रोलमध्ये होती, रेशनवर मोजूनच मिळायची. घरात लग्न निघालं की जादा साखरेसाठी अर्जाला पत्रिका जोडायची आणि त्यावर यांची सही घ्यायची, अर्ज यांच्याकडंच राहायचा, असा रिवाज. त्यामुळं गावातली पहिली पत्रिका देवापुढं आणि दुसरी आमच्या घरी. आम्ही बौद्ध, एरवी आमच्या दारात कोण येतंय? पण लग्नसराईत भलेभले ओट्यावर टेकायचे, चहासुद्धा घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. प्रत्येक लग्नाला मी यांना घेऊन नटूनथटून जायची.

मग एका सकाळी रेडिओवर सांगितलं, साखर खुली झाली. कुणीही विकावी, कुणीही घ्यावी. भाव असा कोसळला की सोसायटीपेक्षा बाजारातली साखर स्वस्त. लोक खूश झाले. पण कारखान्यांत पोती पडून राहिली, उसाला कुणी विचारेना, शिवेवरच्या एकानं तर उभा फड पेटवून दिला. दुकानात शुकशुकाट. हे म्हणायचे, "गहू-रॉकेल हाय की अजून." पण गहू-रॉकेलसाठी कुणी घरी येत नाही. आता आपल्याला लग्नाला कोण बोलावणार, याचाच घोर.

तुळशीचं लग्न झालं आणि एक म्हातारे शेतकरी पत्रिका घेऊन ओट्यावर आले. माझा जीव भांड्यात पडला. मी चहा टाकला. त्यांनी पत्रिकेसोबत अर्ज पुढं केला.

"नातीचं लगीन हाय. साखरेसाठी तेवढी सही द्या."

साखर खुली झाल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी आतून यांना खुणावत होते, सांगू नका, करा सही! पण यांचा सरळ स्वभाव आडवा आला.

"बाबा, आता सही न्हाय लागत. बाजारातनं पाहिजे तेवढी घ्या तुम्ही."

"व्हय? लई हेलपाटा वाचला बघा." म्हाताऱ्यांनी पत्रिका उचलून बंडीच्या खिशात घातली. "मग ही दुसऱ्या कुणाला हुईल." चहा न घेताच ते उतरले.

मी फळीवरचे जुने अर्ज काढले आणि त्यांना टाचलेल्या पत्रिका एकेक करून पाहिल्या. नाव घालायची जागा सगळ्यांवर कोरी होती. आणि त्या सगळ्या लग्नांत आम्ही जेवून आलो होतो.