वर नको बगूस, अण्णा

सिद्धाप्पा म्हंजे माझा थोरला भाऊ. आमच्या कुंभारी गावात त्याला येडा म्हणत्यात. माझ्यासमोर म्हणून बगा की, तोंड बंद करीन. तरण्यापणापासनं त्याच्या कानात मानसं बोलत्यात. डाक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणत्यात, त्याच्या रोजच्या गोळ्या हायत. पण मेंढरं राखावीत तर अण्णानंच. कळपात कंचं लंगडतंय ते नुस्त्या आवाजावरनं सांगायचा. आता सत्तरीला टेकलाय, आन त्याला मीच जेवू घालते.

जेवायचं लई नाटक. आमटी, भाजी शिवायचा न्हाय. "वल्यात कायबी कालवता येतंय," म्हणायचा. कडक भाकरी आन कोरडी शेंगाची चटणी, तेवढ्यावरच इस्वास. ते बी बकाबका. ठसका लागला की आमी टाळूवर थापटायचो, "वर बग अण्णा, कोन आठवण काढतंय!" आईचीच सवय ती. अण्णा आढ्याकडं बगून हसायचा.

मग ताप चढला. छाती घुरघुरायला लागली, धाप लागली. सोलापूरच्या दवाखान्यातली डाक्टरीण म्हणली, "मायाक्का, वयानं आणि गोळ्यांनी त्यांचं गिळणं मंदावलंय. घास श्वासनळीत जातो, त्यानंच न्यूमोनिया झालाय. गोळ्या मनानं बंद करू नका. ताठ बसवून मऊ, छोटे घास द्या. हनुवटी खाली. मान वर नको."

मान वर नको! आगं बया, आन आमी रोज काय करत हुतो?

वाचला, घरी आला. पण माझा जीव थाऱ्यावर न्हाय. मऊ दिलं तर ताट सारतोय, कडक दिलं तर घास छातीत. उपाशी तरी किती ठेवू? शेवटी त्याला खुर्चीत ताठ बसवलं, मी खाली जमिनीवर बसले. भाकरी आमटीत घट्ट कुसकरली आन त्याच्याच ताटातला पयला घास मी खाल्ला. माझा गळा हलेपतुर अण्णा बगत ऱ्हायला. मग त्यानं तोंड उघडलं.

चार घास नीट गेले. पाचव्याला ठसका लागला. सवयीनं त्याची मान वर गेली.

"माये, आई हाय वर," अण्णा हसला. "बोलावतीया."

आईला जाऊन लई वरसं झाली. दोनी हातांनी मी त्याची हनुवटी खाली वडली.

"आईला म्हणावं थांब," मी वरडले. "खाली बग, अण्णा. हितं. माझ्याकडं बग."