रखमाजीची रेघ

जालन्यातल्या साहेबलोकांच्या क्लबात रखमाजी १९८१ साली लागला, तो टेनिसच्या कोर्टावर पाणी मारायला. कोर्ट मातीचं. रोज सकाळी पाणी, मग रोलर, मग चुन्याच्या रेघा, एवढंच काम. पण माणूस भारी चौकस. अठरा वर्षांत एकदाही रॅकेट धरून खेळला नाही, आणि तरी सर्व्हिस कशी करावी हे त्याच्याइतकं क्लबात कुणाला कळत नव्हतं. साहेबलोकांना हे कबूल नसायचं. पण चार चेंडू जाळीत गेले, की त्यांचे डोळे आपोआप रखमाजीकडे वळायचे.

त्याचं शिक्षण क्लबातल्या टीव्हीसमोर झालं होतं. विम्बल्डन लागलं की तो चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकायचा आणि चहा निवून जायचा. बाकीचे कोण जिंकलं ते बघत. हा चेंडू वर फेकणारा हात बघे. बेकर पुढंमागं झुलतो, गुडघ्यात खोल वाकतो आणि मग सगळं अंग चेंडूवर लोटतो. एडबर्गचा चेंडू टप्पा पडला की उंच उसळतो, तोवर गडी जाळीपाशी हजर. इव्हानिसेविच चेंडू वर सोडतो न सोडतो तोच मारून मोकळा. स्टेफी ग्राफचं उलट. ती इतका उंच फेकते, की मधल्या वेळात बाईचा चहा पिऊन होईल असं रखमाजीला वाटे. पण त्याचा जीव सॅम्प्रासवर. त्याचा चेंडू दर वेळी एकाच जागी वर जातो, मग मारायचा कुठंही असो. समोरच्याला पत्ताच लागत नाही.

कौसल्या घनसावंगीच्या तहसीलमध्ये कारकून होती. महसूल खात्याच्या स्पर्धेत बायकांच्या टेनिसला जिल्ह्यातून कुणीच नाव देत नव्हतं, ते तिनं दिलं. क्लबानं एक जुनी रॅकेट दिली, रविवारी सकाळचं कोर्ट दिलं. शिकवायला मात्र कुणाला सवड नव्हती. मग रखमाजीनंच मनावर घेतलं.

"घरी चेंडू न्हाई म्हणता? मोसंबी हाय ना, ताई," तो म्हणाला. "दाराच्या चौकटीला लागून उभं राहायचं, मोसंबी सरळ वर फेकायची. चौकटीला घासली न्हाई पाहिजे आन् बराबर तळहातावर आली पाहिजे."

महिनाभर कौसल्याच्या घरच्यांना फुटक्या मोसंब्यांचा रस प्यावा लागला. पण हात असा बसला, की रविवारी घनसावंगीच्या जीपमधून उतरून ती कोर्टावर आली, की दहातले आठ चेंडू आत पडायचे, रेघेलगतच्या शेवटच्या वीतभर जागेत. रखमाजी पोरीवर निहायत खूश होता. स्वतःची लेक असती तर याहून जास्त काय केलं असतं?

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ती औरंगाबादला खेळायला गेली आणि पहिल्याच सामन्यात हरून आली. पुढच्या रविवारी तिनं रॅकेट त्याच्यापुढं धरली.

"घ्या, मामा. जमा करून टाका. अकरा डबल फॉल्ट झाले, बावीस चेंडू वाया. लोकं हसून राह्यले होते. आपलं काम न्हाई हे."

"जाळीत गेले का बाहेर?"

"सगळे बाहेर."

"कितीक?"

कौसल्यानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "एवढे. दर वेळी एवढेच."

बिघडलेला हात एक चेंडू जाळीत घालतो, दुसरा कुंपणाबाहेर. बावीस चेंडू मोजून एक वीत बाहेर टाकणारा हात बिघडलेला नव्हे. मग बिघडलं काय? रखमाजीची नजर खुंटीवरच्या रेघ आखायच्या दोराकडे गेली.

"बसा जरा. जाऊ नका," म्हणत तो मागच्या बांधकामावरून गवंड्याचा टेप घेऊन आला.

कोर्टाची मागची रेघ विटांची, पक्की. सर्व्हिसचा चेंडू जिच्या आत पडावा लागतो ती रेघ मात्र तो रोज दोरानं आखायचा. एक्क्याऐंशीत एका ओव्हरसियरनं जाळीपासून एकवीस फूट मोजून त्या सुती दोराला गाठ मारून दिली होती. तोच दोर तो अठरा वर्षं रोज सकाळी ताणत होता. आता टेपवर एकवीस फूट नऊ इंच भरले. दोर ताणून ताणून लांबत गेला, रेघ मागं सरकत गेली, आणि साहेबलोकांना वाटत राहिलं की आपली सर्व्हिस दरसाल सुधारतेय!

टेप गुंडाळून ठेवला असता, उद्या गुपचूप नवी रेघ मारली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. क्लबात भांडण झालं तर 'रखमाजीची रेघ' म्हटलं की तोंडं बंद व्हायची. उभ्या जन्मात त्यानं कमावलेलं नाव ते एवढंच. तिकडं बाकावर कौसल्या नाक पुसत बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई, तुमचा हात चुकला न्हाई," तो दोर हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. "माझी रेघ चुकली. वीतभर."

तिनं टेप पाहिला, दोर पाहिला.

"मंग मी तिथं सगळ्यायपुढं उगाच… रोज आखत होते ना तुमी?"

"रोज. आन् एक दिस मोजली न्हाई." त्यानं मान खाली घातली. "पर बावीसच्या बावीस एकाच जागी पडले, ताई. असा हात म्या टीव्हीतच बघितला. इथं कुणाचा न्हाई."

त्यानं टेप लावून नवी रेघ मारली. जुनी पुसली नाही. मागं वळतो तर कौसल्या रॅकेट घेऊन उभी.

पहिला चेंडू दोन रेघांच्या मधोमध पडला. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेर," रखमाजी म्हणाला. अठरा वर्षांत एवढा जड शब्द त्याच्या तोंडून गेला नव्हता.

तिनं पुन्हा चेंडू वर सोडला, त्याच जागी, मोसंबीसारखा. या वेळी मनगट जरा जास्त वाकवलं.

"मामा, आत का बाहेर?"

डोळे भरून आल्यानं त्याला दिसलंच नव्हतं. तो चालत गेला, गुडघे टेकून वाकला. नव्या रेघेचा ओला चुना दबलेला होता.

"आत, ताई. बिलकुल आत!"

सोमवारी सगळ्या साहेबांना सांगायचं त्यानं ठरवलं. मग त्यांच्या सर्व्हिसचं काय व्हायचं ते होवो. दुपारच्या जीपची वेळ झाली तशी कौसल्या निघाली. जाताना तिनं रॅकेट परत दिली नाही, आणि त्यानंही मागितली नाही.