एका श्वासात टिपलेलं हृदय

राजलबेन गढवीला कुणी गरीब गाय म्हटलं, तर अख्ख्या जुनागढात हशा पिकेल. आमच्या तपासणी केंद्रात ती सीटी स्कॅनचं मशीन चालवते, मी नर्स. मी सुईनं टोचते, ती जिभेनं. नंदुरबारहून लग्न होऊन मी इथे आले, तेव्हापासून मी तिच्या हाताखाली नसले तरी तिच्या धाकात नक्कीच आहे.

तिचं एकच जुनं भांडण, आणि तेही डॉक्टर वसावडांशी. हृदयाचा फोटो स्वच्छ हवा तर क्ष-किरण जास्त सोडावे लागतात, आणि जास्त किरण अंगाला वाईट. किरण कमी केले की फोटोवर रव्यासारखे दाणे उठतात. डॉक्टरांना आरशासारखा फोटो हवा, कारण रिपोर्टखाली सही त्यांची. राजलबेन म्हणते, "साहेब, तुम्हाला रक्तनळी बघायचीय की फोटो भिंतीवर लावायचाय?" डॉक्टर चिडत नाहीत. हुशार माणूस आहे, आणि तिच्याशी भांडायला त्यांना आवडतं असा माझा दाट संशय आहे.

मागच्या हिवाळ्यात मेरामणभाई आहीर आपल्या अकरा वर्षांच्या लेकीला, कृपालीला घेऊन आले. लहानपणी एका तापात तिच्या हृदयाच्या नळीला फुगा आला होता. तो वाढलाय की आटलाय, हे बघायचं होतं. पोर धावण्यात शाळेत पहिली यायची. वर्षभर तिला मैदानाच्या कडेला बसवून ठेवलेलं. "पळू द्यायचं की नाही, एवढंच सांगा बेन," मेरामणभाई हात जोडून म्हणाले.

अशा पोरीचा फोटो पुढे जन्मभर अधूनमधून काढावा लागणार, म्हणून राजलबेनला किरण अगदी कमी ठेवायचे होते. त्याला एक युक्ती आहे. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर स्वस्थ असतं. मशीननं नेमका तेवढाच क्षण पकडायचा. पण त्यासाठी ठोके संथ हवेत आणि श्वास पूर्ण थांबलेला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ठोके संथ करायचं औषध मी दिलं. श्वासापाशी मात्र गाडं अडलं.

मशीनमधली टेप गोड हिंदीत सांगते, श्वास रोका. सराव घेतला. टेप बोलली आणि कृपाली म्हणाली, "हा." परत सराव, परत "हा." पोर आजोबांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. इकडे गोष्ट सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणारा होंकारो देतो, म्हणजे हुंकारासारखं "हा" म्हणतो. न देणं हा सांगणाऱ्याचा अपमान. मोठी माणसंसुद्धा त्या टेपला "हा बेन" म्हणतात, श्वास सुटतो आणि फोटो हलतो.

"अगं, टेप आहे ती, तिला कसला राग येतोय?" मी म्हणाले.

"पण कुणी बोलल्यावर गप्प कसं बसायचं?" कृपालीनं मलाच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "राजलबेन, हट्ट सोडा. पूर्ण ठोकाभर किरण चालू ठेवा. त्यातला एखादा फोटो धड मिळेलच."

"चौपट किरण बसतील पोरीला!"

"आणि तुमचा फोटो हलला तर? दुसऱ्यांदा काढाल, तोही तिच्याच अंगावर."

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं.

"एकदाच बघू द्या," ती शेवटी म्हणाली. "हलला तर पुढे तुम्ही सांगाल तसं."

डॉक्टरांनी पडद्यावरचा तिचा किरणांचा आकडा किंचित वाढवला. "एवढा घ्या. दाणे चालतील मला, पण नळीची कड दिसली पाहिजे."

"कबूल."

तिनं टेप बंद केली आणि माइक जवळ ओढला. तिचा बाप गावोगावच्या डायऱ्यात, म्हणजे रात्रीच्या गाण्या-गोष्टींच्या बैठकीत, गोष्टी सांगणारा. तो आवाज तिच्या गळ्यात आहे.

"ऐक दीकरा. माणकी नावाची काळीभोर घोडी होती."

"हा."

"समोर भादर नदीला पूर."

"हा."

"पाठीवर तापानं फणफणलेलं लेकरू, आणि वैद्य पल्याडच्या तीरावर."

"हा."

राजलबेनचा आवाज खाली खाली, सावकाश येत गेला, तसे पडद्यावरचे ठोकेही उतरत गेले. रक्तनळी उठून दिसावी म्हणून मी हातातल्या सुईतून रंगाचं औषध सोडलं.

"अंगात गरम वाटेल हं, तो माणकीचा श्वास. माणकीनं छाती भरून घेतली. तूही घे. तिनं पाय उचलले, पुरात झेप टाकली, आणि..."

राजलबेन थांबली. अर्ध्या वाक्यावर होंकारो कुणी देत नाही. कृपालीनं श्वास धरला तो धरलाच. मीही धरला. मशीन एकदाच घरघरलं.

फोटो आला. दाणे होते, चांगलेच होते. पण त्यांच्यातून नळी स्पष्ट वळत गेलेली दिसत होती. डॉक्टर पडद्याला नाक लावून बसले, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "फुगा आटलाय. कड सगळीकडे दिसतेय."

"आणि किरण बघा की!" राजलबेननं आकड्यावर बोट आपटलं.

डॉक्टर हसले. "बघितले. उद्यापासून लहान मुलांची सुरुवात याच आकड्यापासून. आणि टेप बंद, तुम्हीच बोलायचं."

मला इतका आनंद झाला की मी त्या खडूस बाईला चक्क मिठी मारली. डॉक्टरांनी कृपालीच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले, आणि बाहेर जाऊन मेरामणभाईंना सांगितलं, "पळू द्या म्हणतायत." तो धिप्पाड माणूस ओक्साबोक्शी रडू लागला.

आत कृपाली उठून बसली होती, गाल फुगवून. "मासी, असं कुणी मधेच थांबतं का? माणकी पोहोचली की नाही?"

राजलबेननं पदरानं डोळे पुसले. "पोहोचली गं," ती म्हणाली. "पल्याड पोहोचली, आणि अजून पळतेय."