गरम पाण्याचं कपाट

माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात हिवाळ्यात ऊब एकाच जागी असायची, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. तिथे बायकोचं इडलीचं पीठ फुगायचं आणि माझी घरी केलेली बीअर गॅरेजमध्ये कुडकुडायची. यंदा मी जरा जास्तच कडक बीअर लावली. पृथ्वीच्या या दक्षिणेकडच्या टोकाला जून म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत ती अर्ध्यावर अडली. साखर तशीच उरली आणि यीस्ट झोपी गेलं. सामान देणारा दुकानदार म्हणाला, बीअरचा ड्रम उबेत ठेव, हलकेच हलव, ती आपोआप जागी होईल.

"दोन दिवस कपाट दे," मी बायकोला म्हणालो.

"माझ्या पिठाला दारूचा वास लागेल. नाही म्हणजे नाही."

"कपाट काय माहेरून आणलंयस?" मी ओरडलो.

त्यानंतर आठवडाभर ती बोलली नाही. मीही कमी हट्टी नाही, मीही बोललो नाही. आठव्या दिवशी ती ऑफिसात कोसळली आणि हॉस्पिटलमधून मी एकटाच घरी आलो.

तेरावा झाल्यावर कपाट उघडलं. पीठ उतू जाऊन पातेल्याला वाळून चिकटलं होतं, वर बुरशी. ते घासण्यात अख्खी सकाळ गेली. मग तिथे ड्रम ठेवला. नाही म्हणणारं कोण होतं आता?

दुसऱ्या दिवशी बीअर जागी झाली. झाकणावरच्या नळीतली बुडबुड घरभर ऐकू यायला लागली.

"काढतो गं, उद्या काढतो!" मी स्वयंपाकघरातून सवयीने ओरडलो, आणि ती काय म्हणते याची वाट बघत उभा राहिलो.