दसऱ्याची लांबी

लांबी या शब्दाची मला आजही चीड येते. मोटारीचा पोचा ठोकून काढल्यावर वरून जो लगदा भरतात ती लांबी. मोटारीला भरा, हवी तेवढी भरा. माझ्या नवऱ्याने ती विमानाला भरली.

विमान आमचंच. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली आणि दोन सीटचं विमान बांधायला काढलं. नातेवाईक हसले. मी हातमोजे चढवले. रंगाआधी विमानावरचे खड्डे कशाने भरायचे, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. प्लायवूडच्या सारख्या तुकड्यांवर वेगवेगळे लगदे थापले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. लांबीचा तुकडा सगळ्यांत जड. काचेच्या पोकळ कणांची पांढरी पावडर इपॉक्सीच्या चिकट राळेत कालवली, तो सगळ्यांत हलका. पण ती पावडर इतकी हलकी की पंखा बंद करून घामाघूम होत कालवावी लागे, आणि लगदा वाळायला वेळ खाई. तरी तीच वापरायची, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं.

शेपटीच्या हलत्या पट्टीला तर फारच जपायचं होतं. बिजागरीवर ती तराजूच्या दांडीसारखी आडवी राहायला हवी. मागून जड झाली तर वेगात फडफडते आणि तुटते. पहिल्या चाचण्या झाल्या की नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर आमची मुलगी बसणार होती.

मग दसरा आला. आमच्याकडे हत्यारं, गाड्या पूजतात, तशी विमानाचीही पूजा करायचं नवऱ्याच्या डोक्यात आलं. आमच्या अर्ध्या तेलीबांधा मोहल्ल्याला आमंत्रण देऊन मोकळा! रायपूर तेव्हा नुकतं राजधानी झालं होतं आणि शहराला एकच खोड जडली होती. कोणी मोठा यायचा म्हटलं की खड्ड्यावर डांबर ओता, दुभाजक रंगवा, खाली काय आहे ते कोण बघतो. ती खोड आमच्या शेडमध्येही शिरली. मी माहेरी नागपूरला गेले होते, तेवढ्यात.

दसऱ्याच्या सकाळी परतले तर विमान आरशासारखं चकाचक. मी नखाने शेपटी खरवडून पाहिली, रंगाखाली लांबी निघाली आणि माझं डोकंच फिरलं.

"काहून लावली ही? मी नाही म्हणून राहिली होती न?"

"हळू बोल, लोकं येऊन राहिले," नवरा म्हणाला. "तुझी पावडर आजपर्यंत वाळली असती काय?"

पाहुणे जमले. कोणीतरी माझ्या हातात हळदकुंकवाचं ताट दिलं. मी ते जमिनीवर ठेवलं, शेपटीकडे गेले, पट्टी हलू नये म्हणून लावलेला चाप काढला आणि हात सोडला. महिनाभरापूर्वी आडवी राहणारी ती पट्टी धाडकन खाली पडली. एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, मशीन चालू झालं.

"पाहिलं? यात पोट्टीले बसवून राहिले तुम्ही!"

नवरा जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हव, मले माहीत आहे. आजच्या पूजेपुरती लावली. नंतर काढणारच होतो."

नंतर! चमकायला लागलेली गोष्ट या शहरात नंतर कोणी खरवडली आहे? नकळत झालं असतं तर मी दोन दिवस बोलले नसते आणि विसरले असते. पण या माणसाला कळत होतं. कळून त्याने वर रंग मारला होता.

आमची मुलगी घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. ती मागेच उभी होती. "पापा, आपको पता था?" एवढंच तिने विचारलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पूजा झाली नाही. पाहुणे पेढे खाऊन गेले. संध्याकाळी घरी नवऱ्याने आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घे," म्हणाला.

मी हात पुढे केला नाही. पॉलिश पेपरचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "पहिले ती लांबी घासून काढा. मग पोट्टीले द्या सोनं. तिनं घेतलं, तर मी घेईन."