मी विचारलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग आज तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, माहीत नाही. गेल्या रविवारपासून एका जागी बसवत नाहीये. भाजी फोडणीला टाकते, मध्येच गॅस बंद करून बाल्कनीत जाते, परत येते — कशासाठी गेले होते ते आठवत नाही. नवरा विचारतो, बरं नाही का? मी म्हणते, ऊन लागलंय.

रविवारी मी औरंगपुऱ्यात होते, शीतलच्या ऑफिसात. शीतल माझी मैत्रीण. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना ती मार्गदर्शन करते — कॉलेज कसं निवडायचं, अर्ज कसा भरायचा, व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं. एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत तिच्या. महिन्यातून एका रविवारी ती मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना समोर बसवून तिथले नियम समजावते, आणि मला हटकून बोलावते. मी शेजारच्या खुर्चीत बसते. ती काय बोलणार ते मला पाठ आहे — पण हे नंतर. आधीचं सांगितल्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही. आणि मी टाळतेय, तेही मला कळतंय.

शीतल वैजापूरची. तिच्या वडिलांची मार्केट यार्डात कांद्याची आडत. मी इथलीच, संभाजीनगरच्या सिडकोतली. वडील वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर आलो, आणि पुढं अमेरिकेत एकाच विद्यापीठात गेलो — ती अन्नप्रक्रिया शिकायला, मी कॉम्प्युटर. एक खोली, दोन कॉट. साठवणीच्या कांदाचाळीत कांदा का सडतो आणि किती दिवस रोखता येतो, हा तिचा विषय. तिला दुसरं काही सुचायचंच नाही. लोक सिनेमावर बोलावं तसं ती कांद्याच्या सालीवर बोलायची.

ती मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळं इंग्रजी बोलायचं काम माझं, हे जाण्याआधीच ठरून गेलं होतं. घरमालकाशी मी, बँकेत मी, फोनवर मी. "तू बोल की गं, तुझं लई फाडफाड आहे," असं म्हणून ती मला पुढं ढकलायची. मला ते आवडायचं. का आवडू नये?

पण तिथं गेल्यावर महिन्याभरात मला कळून चुकलं की माझं फाडफाड तिथं कुणाला कळत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं एक ऑफिस असतं. तिथं काउंटरवरच्या बाईंनी मला एकच वाक्य तीनदा म्हणायला लावलं, आणि मग अगदी प्रेमानं एक कागद पुढं सरकवला — लिहून द्या. मागं रांग होती. कुणी हसलं नाही. तरी माझे कान तापले, ते दिवसभर तापलेले राहिले. शीतल मात्र मोडकंतोडकं बोलून कुणाशीही दोस्ती करायची. तिला लाज नव्हती. मला होती, आणि ती मी तिच्यापासून लपवली. तिच्या डोळ्यांत मी इंग्रजीवाली होते ना — ते जपायचं होतं मला.

आता नियम सांगते, साधाच आहे. शिकायला गेलेल्या मुलांना विद्यापीठाच्या आवारात काम करता येतं, पण सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच. आवाराबाहेर करायचं तर वेगळी परवानगी लागते. इतकं आम्हाला माहीत होतं. शीतल विद्यापीठाच्या मेसमध्ये आठवड्याला अठरा तास काम करायची, ट्रे धुवायचं. मग तिच्या प्राध्यापकांनी तिला प्रयोगशाळेत दहा तासांचं काम देऊ केलं. तिच्याच विषयाचं. ती खोलीभर नाचली. आणि मग तिलाच शंका आली — दोन कामं असली तर वीस तास प्रत्येक कामाला वेगळे धरतात, की दोन्ही मिळून?

"एकत्र धरत असतील तर मी मेस सोडते," ती म्हणाली. "मला काय, लॅबच पाहिजे. पण तू ऑफिसात जाऊन नीट विचारून ये बरं. मी गेले तर भलतंच ऐकून येईन."

मेस सोडायला ती तयार होती. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा फार प्रयत्न केलाय.

मी गेले. म्हणजे — दारापर्यंत गेले. काचेतून त्याच बाई दिसल्या. मी बाहेरचा नोटीसबोर्ड वाचला, पाणी प्यायले, पुन्हा नोटीसबोर्ड वाचला. मग वळले आणि लायब्ररीत जाऊन तासभर बसले. का तासभर? लगेच परतले असते तर तिला खरं वाटलं नसतं. म्हणजे खोटं बोलायचं तेव्हाच ठरलं होतं, नाही का? तोंडातून निसटलं असं मी कधी म्हणू शकत नाही.

खोलीवर येऊन मी म्हणाले, "विचारलं. वेगवेगळे धरतात."

खोटंच बोलायचं होतं तर 'एकत्र धरतात' असं तरी म्हणायचं होतं. तिनं मेस सोडली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. मग हेच का म्हणाले? त्यावर मी किती वर्षं विचार केलाय. समोरच्याला आवडेल असं उत्तर दिलं की तो पुढचे प्रश्न विचारत नाही — एवढंच असावं. मला पुढचे प्रश्न नको होते.

इथवरच असतं तर मी कदाचित स्वतःला भित्री म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन आठवड्यांनी त्या ऑफिसची ईमेल आली, सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आवारातली सगळी कामं मिळून वीस तास. मी ती दोनदा वाचली. तिलाही आली होती, पण असल्या लांबलचक ईमेल ती वाचायची नाही, मला विचारायची. तेव्हा ती पोळ्या लाटत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "काही विशेष आहे का गं त्यात?"

मी म्हणाले, "नाही. नेहमीचंच."

हा दुसरा शब्द पहिल्याहून वाईट. पहिल्यांदा मला नियम माहीत नव्हता. दुसऱ्यांदा होता.

त्यानंतरचे चार महिने ती दोन्ही कामं करत होती. आठवड्याला अठ्ठावीस तास. दमून यायची, हाताला कांद्याचा वास, आणि खुशीत असायची. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगू. तिनं चहाचा कप पुढं केला की राहून जायचं. आता सांगितलं तर आधीचंही सांगावं लागणार — हे एकच डोक्यात.

मार्चमध्ये तिला ऑफिसात बोलावणं आलं. कामाच्या तासांची नोंद कुणीतरी तपासली होती. मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळानं ती दारात आली. चेहरा पांढरा, पण आवाज शांत. म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, माझ्या मैत्रिणीनं तुमच्याकडंच विचारलं होतं म्हणून. तू जरा आत ये. एवढं सांग फक्त."

आत एक वयस्क अधिकारी बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, कधी आलात, कुणाशी बोललात? मी म्हणाले, काउंटरवर कुणीतरी होतं, नाव आठवत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी काढली. त्या आठवड्यात माझं नाव नव्हतं. असणार कसं? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसत्या थांबल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?

मी म्हणाले, नाही. तो शब्द मात्र त्यांना पहिल्या फटक्यात कळला.

त्या बाईंना सगळं समजलं होतं, याची मला खात्री आहे. शीतलला नाही समजलं. तिला वाटलं, ऑफिसवाल्यांनी नोंद लपवून हात वर केले.

मी खरं बोलले असते तर ती वाचली असती का? बहुतेक नाही. चुकीचं कुणी सांगितलं, याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नसतं. तास जास्त झाले की झाले. हे मी नंतर वाचलं, आणि वाचून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तेही इथं सांगून टाकते.

तिचं विद्यार्थी म्हणून तिथं राहणं रद्द झालं. पदवीला दोन सत्रं बाकी असताना तिला परत यावं लागलं. विमानतळाच्या बसपाशी मी रडत होते तर तिनंच माझी समजूत काढली. "तू नको रडू. तुझी काय चूक? तू तर विचारलं व्हतंस."

पुढं तिनं दोनदा व्हिसासाठी अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. वैजापुरात बोभाटा झाला, आडत्याची पोरगी अमेरिकेत पकडली गेली. तिच्या वडिलांना यार्डात कुणी ना कुणी विचारायचंच, पोरीला परत का धाडलं? त्यांनी दुपारचं तिथं बसणं सोडून दिलं. कांद्याचं काम तर तिनं पुन्हा हातात घेतलंच नाही. मी मात्र पदवी घेतली, तिथं काही वर्षं नोकरी केली, लग्न केलं आणि माझ्या मर्जीनं संभाजीनगरला परत आले. स्टेशनवर घ्यायला ती आली होती, पेढे घेऊन.

आता रविवारचं. तिचं ते पाठ झालेलं बोलणं असं असतं — "तिथं कुणी तोंडी काही सांगंल, त्यावर जाऊ नका. लेखी घ्या. ऑफिसातल्या एका माणसाच्या एका शब्दानं माझं शिक्षण गेलं. ही मेघा बसलीय ना, हिनं स्वतः विचारलं होतं. विचारा हिला." मग सगळे माझ्याकडं पाहतात आणि मी मान हलवते. सल्ला खोटा नाही, मुलांच्या कामाचा आहे. दोन वर्षं मी तेवढ्यावर मान हलवत आले.

या रविवारी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. आईसोबत आली होती, कन्नड तालुक्यातून. म्हणाली, "मॅडम, पण ऑफिसच्याच माणसानं असं चुकीचं कसं सांगितलं? तुम्ही प्रश्न नेमका कसा विचारला होता?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. शीतलनंही नाही. तीसुद्धा वळून माझ्याकडं पाहायला लागली, कुतूहलानं, हसऱ्या चेहऱ्यानं. खाली रस्त्यावर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आता. आत्ताच.

आणि मी सांगायला लागले. काउंटरवर एक बाई होत्या. त्यांची जेवायची वेळ झाली होती. कानाला फोन होता, त्यावर हात ठेवून त्यांनी माझं अर्धंच ऐकलं आणि मान हलवली, हो, वेगवेगळे. फोन, हात, जेवणाची वेळ — सगळं मी तिथंच, उभ्या उभ्या, बनवलं. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

"बघा," शीतल त्यांना म्हणाली, "जेवायच्या घाईत. म्हणून सांगते, लेखी घ्या."

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या लावल्या. ती कुलूप लावत होती, मी जिन्यात तिची पिशवी धरून उभी. तिनं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नाय. जेवायला निघाली असंल बिचारी. मी उगाच इतकी वर्षं तिच्या नावानं खडे फोडले."

आम्ही खाली उतरलो. तिनं स्कूटी काढली, मी मागं बसले.

"पुढच्या महिन्यात येशील ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.