काखेतली फळी

दशरथ पालव फळी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आला तो दुपारी चार वाजता, पाळी सुटताना, सगळ्यांच्या मधून. फळी काखेत मारलेली. लपवायची म्हटली असती तरी लपली नसती. चांगली दोन हात लांब होती. पंख्यांच्या फुटक्या खोक्याची देवदारी फळी, पॅकिंगखात्यामागच्या ढिगात महिनाभर पडलेली. जानकीला, म्हणजे त्याच्या बायकोला, जेवायचा पाट हवा होता. रखवालदाराने हटकलं तेव्हा दशरथ हसलाच.

"ही? ही पडललीच होती मरे!"

रखवालदाराने फळी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी दशरथला आत घेतलं नाही. एक इंग्रजी कागद पुढे केला. सही केली तर पंधरा दिवस घरी बसून पुन्हा कामावर, नाही केली तर कायमचं घरी. नऊ वर्षांची नोकरी होती.

"सही मार रे पालव," ऑफिसातला कारकून नंदू म्हणाला. "पिल्फरिंग लिहिलंय. बारका शब्द आहे, यार. तुला चोर कोण म्हणतोय?"

बारका म्हणजे केवढा, ते दशरथला कळेना. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आणि कागद घेऊन मुलुंडला चाळीत आला. टोकाच्या खोलीत श्यामकांत मास्तर राहत. शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी पाठ उसवलेला जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला.

"थोडंथोडं, कमी मोलाचं चोरणं. आपण भुरटी चोरी म्हणतो ना, तेच."

"म्हणजे चोरीच."

"चोरीच. पण गंमत बघ, मूळ शब्द जुना फ्रेंच. त्याचा अर्थ लूट. केवढा मोठा शब्द होता, घसरत घसरत तुझ्या फळीवर आला!"

मास्तरांना गंमत वाटत होती. दशरथ कागदाकडे बघत होता.

"मास्तर, लपवून नेणा ह्या शब्दात इला काय?"

मास्तरांनी पुन्हा पान बघितलं. "तसं लिहिलेलं नाही. पण ऐकणारा तेच समजणार. पिल्फरिंग म्हटलं की सदऱ्याखाली काहीतरी कोंबलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो."

"मी सगळ्यांदेखत नेलंय. आमच्याकडे पडललो आंबो जो उचलीत तेचो. मालक ओट्यार बसान बघता, पण बोलणा नाय. झाडार चढलास तर चोर."

"साहेबाला तुझा आंबा कुठला ठाऊक, दशरथ?"

"मग पडललो उचलतत, तेका तेंच्या भाशेत शब्द नाय?"

"असेल." मास्तरांनी कोश मिटला. "या कागदावर नाही."

तिसऱ्या दिवशी दशरथ ऑफिसात गेला. नंदूला म्हणाला, "ह्यो शब्द खोड. फळी नेली असा लिही."

"येडा झालास काय? साहेबांनी टाइप करून दिलंय. तुझ्या फळीसाठी पुन्हा मशीन चालवू?"

"मग मराठीत वाच. मोठ्यान."

टेबलांवरची चार डोकी वर झाली. नंदू खाकरला. "हे आपलं... उचलेगिरी म्हणजे..."

"अर्थ माका ठावक आसा. बोल."

"चोरी," नंदू पुटपुटला.

दशरथने सही केली. 'पालव' लिहिताना टाक दोनदा अडला.

घरी जानकी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनीच उठून पुढे आली. "घेतल्यानी कामार?"

"घेतल्यानी. पंधरा दिसांनी."

"आणि कागदात काय लिवल्यानी?"

"चोर म्हणान."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती उलटली नाही. हळूच म्हणाली, "इंग्रजीतच मा? चाळीत इंग्रजी कोणाक येता?"

"मास्तरांक," दशरथ म्हणाला. "आणि तेंका मीच जावन दाखवलंय."